दोन गाड्या, एक चालक

"सर, तुम्ही इकडे. मॅडम, तुम्ही तिकडे. अहो, एवढं अंतर नको, जरा जवळ या ना!"

शोरूममधल्या त्या मुलीचं नाव मोनाली. तिच्या हातात फोन होता आणि आमच्या दोघांच्या हातात मिळून क्रिकेटच्या बॅटएवढी पुठ्ठ्याची किल्ली होती. मागे लाल साटीनखाली दोन गाड्या झाकून ठेवलेल्या. टाळ्या वाजवायला सर्व्हिस विभागातून चार माणसं बोलावली होती. त्यांचे हात ग्रीसने काळे झालेले, त्यामुळे ती बेताने टाळ्या वाजवत होती.

"सर, हसा ना. आज डबल आनंदाचा दिवस आहे."

मी हसलो. वैजयंतीही हसली असावी. मी तिकडे पाहिलं नाही.

शोरूमची 'दांपत्य ऑफर' होती. नवरा-बायकोने एकाच दिवशी एकेक गाडी घेतली तर दोन्हींवर सूट, दोन्हींची नोंदणी आणि विमा शोरूम करून देणार. पुरावा म्हणून लग्नाचं प्रमाणपत्र हवं. आमचं प्रमाणपत्र वकीलबाईंच्या फाइलमध्ये होतं. ते एका दिवसासाठी उसनं आणलं आणि झेरॉक्स काढून परत नेऊन दिलं. दोन गाड्या घेण्याचं कारण असं, की एक घर विकलं की दोन घरं होतात आणि दोन घरं झाली की एक गाडी पुरत नाही. आमचा फ्लॅट विकला गेला होता. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता आणि कोर्टाने आम्हाला विचार करायला सहा महिने दिले होते. शेवटच्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही 'मला नको' म्हणू शकतं, असं वकीलबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं.

मला घटस्फोट नको होता. हे एवढंच वाक्य म्हणायचं होतं. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, वाक्यांची मला कधी टंचाई पडली नाही. पण हे एक वाक्य ज्या बाईला सांगायचं, तिने, वकीलबाईंनी अर्जाचं कारण विचारल्यावर, माझ्यासमोरच सांगितलं होतं, "हे पीत नाहीत, मारत नाहीत, बाहेरचं काही नाही. फक्त काही विचारलं की विनोद करतात."

"यांचे स्वभाव जुळत नाहीत, असं लिहिते," वकीलबाई म्हणाल्या.

"विनोद बरे नसतात, असंही लिहा," मी म्हणालो.

वकीलबाई हसल्या. वैजयंती नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करू लागलो. त्याआधी तेवीस वर्षं अरे-तुरे होतं.

असो. मोनालीने साटीन ओढलं. टाळ्या झाल्या. एक उंच, धिप्पाड, पांढरी गाडी निघाली आणि तिच्याशेजारी एक छोटी, लाल, गिअर आपोआप बदलणारी. उंच गाडी वैजयंतीची. ती पशुवैद्यकीय अधिकारी. तिचा तालुका म्हणजे नाले, मुरूम आणि मधूनमधून रस्ता. छोटी माझी. मला घर ते कॉलेज जायचं असतं आणि क्लच या वस्तूशी माझं कधी पटलं नाही.

"सर, ही तुमची," असं म्हणून मोनालीने धिप्पाड गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आणि ही मॅडमची क्यूट वाली."

"उलट," वैजयंती म्हणाली.

"काय मॅडम?"

"मोठी माझी. छोटी यांची. बुकिंग तसंच आहे."

मोनालीने कागद काढले. ते दोनदा वाचले. मग तिचा चेहरा पडला आणि आवाजही. "मॅडम, मी बरोबर लिहिलं होतं. पण पैसे तुमच्या जॉइंट खात्यातून आले ना, एकाच चेकने. बॅक ऑफिसच्या सरांना वाटलं, माझं चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं."

"काय दुरुस्त केलं?"

"मोठी सरांच्या नावावर. छोटी तुमच्या. नोंदणी झाली मॅडम. विमासुद्धा." ती जवळजवळ रडत होती. "सह्या तुमच्याच आहेत."

सह्या आमच्याच होत्या. जिथे पेन्सिलने खूण केली होती तिथे आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या सह्या केल्या होत्या.

बॅक ऑफिसचे सर बाहेर आले. त्यांनी पेढा पुढे केला. "मॅडम, काय फरक पडतो? घरातल्या घरातच आहे. कोणीही चालवा."

"फरक पडतो," वैजयंती म्हणाली.

"अहो, नवरा-बायकोत काय तुझं-माझं!"

यावर सांगण्यासारखं बरंच होतं. पण ग्रीसवाली माणसं अजून उभी होती, केक आला होता आणि केकवर आमची दोघांची नावं बदामात लिहिलेली होती. आम्ही केक कापला.

दुसऱ्या दिवशी आम्ही परिवहन कार्यालयात गेलो. शोरूमने आमच्या दिमतीला त्यांचा नेहमीचा एजंट दिला होता, पुंडलिक नावाचा. पांढरा शर्ट, खिशात चार पेनं आणि सगळ्या जगाबद्दल कळवळा.

"सर, तुमी टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "पण मले एक सांगा, हे कायले करून राह्यले? तुमची गाडी मॅडमची, मॅडमची गाडी तुमची. माह्या बायकोच्या नावावर तं माही बकरीबी हाये. मी कधी बोललो?"

"आम्हाला नावं बदलायचीच आहेत," वैजयंती म्हणाली.

"होते ना मॅडम, होते. पन दुरुस्ती नाई होत. कागद सगळे खरे हायेत. मंग आता एकच. सरांनी आपली गाडी तुमाले विकायची, तुमी आपली सरांले विकायची. दोन ट्रान्सफर. विकनारा, घेनारा, दोघांचे फोटो, दोघांच्या सह्या. महिना-दीड महिना लागते." मग तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सर, भांडन झालं असन तं मी बोलू का मॅडमशी? माहं ऐकतेत लोक."

"भांडण नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. आमची अडचण तीच होती.

कार्यालयाबाहेर कडुनिंबाखाली विम्याचे सरोदे टेबल टाकून बसायचे. पुंडलिकने आम्हाला तिथे नेऊन उभं केलं. सरोद्यांनी दोन्ही पॉलिस्या वाचल्या आणि सगळं माझ्याकडे बघून समजावून सांगितलं. प्रश्न वैजयंतीने विचारायचा, उत्तर मला मिळायचं.

"गाडी यांच्या नावावर असताना मी चालवली तर?" तिने विचारलं.

"चालवा ना. काय आहे सर, गाडीचं नुकसान, समोरच्याचं नुकसान, ते सगळं मिळतं. लायसन असलं म्हणजे झालं. फक्त यातला ओनर-ड्रायव्हरचा जो अपघात विमा आहे ना, तो मालकाचा. मालक गाडीत असला आणि त्याला काही झालं, तर पैसे. मॅडम एकट्या गेल्या आणि, देव न करो, त्यांना काही झालं, तर सर, त्यातलं काही मिळत नाही. शेजारी बसणाऱ्याचा विमा यात वेगळा आहे, पण चालवणारा मालक नसेल तर त्याला काही नाही."

वैजयंती पॉलिसीची घडी घालत होती. तिला रोज चाळीस-पन्नास किलोमीटर खड्ड्यांतून जायचं असतं, हे मला माहीत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ट्रान्सफर होईपर्यंत मी चालवतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला क्लच येत नाही."

"शिकेन. सुट्ट्याच आहेत."

सरोदे म्हणाले, "अरे वा! याला म्हणतात संसार."

मे महिना होता. आमच्याकडे वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी कावळासुद्धा कामाशिवाय बाहेर पडत नाही. मी रोज सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीतून छोट्या लाल गाडीने निघायचो, वैजयंतीच्या भाड्याच्या घरी यायचो, आणि तिथून उंच गाडीत, जिच्यात तिची औषधांची पेटी, दोऱ्या आणि बादल्या असायच्या, ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसायचो. चढून हाच शब्द बरोबर आहे. पहिल्या दिवशी गाडी तिच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाईतो चारदा बंद पडली. चारही वेळा वैजयंती समोर बघत बसली. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा ती म्हणाली, "क्लच हळू सोडा. तो पळून जात नाही."

"सवय नाही. मी सगळं एकदम सोडतो," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

एकदा सकाळी ती म्हणाली, "तुम्ही इथवर येताना लाल गाडी चालवता. ती माझ्या नावावर आहे. तेव्हा तुम्हाला काही झालं तर?"

"मी हळू चालवतो."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं. मी ते तिथेच राहू दिलं.

हळूहळू मला गाडी जमायला लागली. मला तिची गावंही कळायला लागली. लसीकरणाच्या दिवशी कोणत्या गावात बैल आधी आणायचे आणि कोणत्या गावात शेळ्या, कोणता सरपंच चहा पाजल्याशिवाय सोडत नाही आणि कोणता पाणीसुद्धा विचारत नाही, हे ती मला सांगायची. एवढी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. मी घरी विचारायचो, "आज काय केलंस?" ती म्हणायची, "गायी-म्हशी." मी म्हणायचो, "माझ्याकडेही त्याच होत्या, फक्त पहिल्या बाकावर." आणि तिथे तो विषय संपायचा.

पार्बताबाईची म्हैस अडली, तो दिवस मला चांगला आठवतो. दुपारी फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा म्हैस गोठ्यात आडवी झाली होती आणि पार्बताबाई तिच्या तोंडाशी बसून तिला शिव्या देत होत्या, लेकीला द्याव्यात तशा. वैजयंतीने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, साबणाचं पाणी घेतलं आणि आत हात घातला. बराच वेळ ती डोळे मिटून काहीतरी चाचपत होती.

"पाय मागे दुमडलाय," ती म्हणाली. "दोरी द्या."

मी दोरी दिली. तिने आतल्या आत पाय सरळ केला, फास अडकवला आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"मी सांगेन तेव्हा ओढायचं. म्हैस कळ देईल तेव्हाच. आपल्या मनाने नाही."

"आणि नाही दिली तर?"

"तर थांबायचं."

आम्ही थांबलो. ओढलं. थांबलो. माझ्या चष्म्यावरून घाम टपकत होता. मग एकदम सगळं सुटलं आणि मी मागच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात जाऊन पडलो. उठून पाहिलं तर ओली, काळी, थरथरणारी वगार जमिनीवर होती आणि वैजयंती तिच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढत होती. वगारीने श्वास घेतला. वैजयंतीने वर पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कदाचित तो रोजच तसा व्हायचा आणि मी तिथे नसायचो.

"बाई, तुमचा डायवर कामाचा दिसते," पार्बताबाई म्हणाल्या. "मांगचा तं गाडीतूनच उतरे नाई. याले च्या देऊ?"

वैजयंती हात धूत होती. "द्या," ती म्हणाली. "साखर कमी टाका. त्यांना चालत नाही."

मला ओसरीवर स्टीलच्या पेल्यात चहा मिळाला. बाईंना आत कपबशीत.

परत येताना ती मांडीवर दोरी गुंडाळत बसली होती. मग म्हणाली, "गाडी थांबवता जरा?"

मी पळसाखाली थांबवली. क्लच हळू सोडला. इंजिन बंद केलं. बाहेर शेतं तापून पांढरी पडली होती आणि कुठेही माणूस नव्हता. आमच्या दोघांच्या हातांना गोठ्याचा वास येत होता.

"आज मला बरं वाटलं," ती म्हणाली.

"हं."

"तुम्हाला?"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगतो.

"मी कॉलेजात रोज असंच ओढतो," मी म्हणालो. "फक्त तिथे कोणी कळ देत नाही."

ती हसली. खूप हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने मनगटाने पुसलं, कारण बोटांचा वास अजून गेला नव्हता. मग ती समोर बघून म्हणाली, "चला."

मी गाडी सुरू केली. आता ती बंद पडत नव्हती.

जूनमध्ये पुंडलिकचा फोन आला. काम झालं होतं. दोघांनी एकदा साहेबांसमोर यायचं, सह्या करायच्या, आणि विमा नावावर करून घ्यायचा. कोर्टाची शेवटची तारीख त्यानंतरच्या सोमवारी होती.

सरोद्यांनी कडुनिंबाखाली आधी माझं उरकलं. मग वैजयंतीच्या उंच गाडीचे कागद पुढे ओढले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, मॅडमच्या पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचा अपघात विमा टाकतो. आता मालक त्या होणार ना."

"नको," वैजयंती म्हणाली.

"नको कसं? सर, तो घ्यावाच लागतो."

"वेगळा असला तर नाही घ्यावा लागत. माझा आहे. मोठा आहे, याच्यापेक्षा. कुठलीही गाडी असो, मी चालवो की कोणीही चालवो."

"कधीपासून?"

"नोकरीला लागल्यापासून."

सरोद्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मॅडम, त्या दिवशी नाही बोलल्या?"

"तुम्ही मला कुठे विचारलंत? यांना सांगत होतात."

सरोदे हसले आणि पुंडलिकही हसला. मी उठून तिच्या मागोमाग गाड्या लावल्या होत्या तिथवर गेलो.

"मग मी दीड महिना गाडी कशाला चालवली?"

"तुम्ही चालवतो म्हणालात."

"तू नको म्हणायचंस."

"म्हणणार होते." ती किल्ली बोटात फिरवत होती. "मग वाटलं, एवढी गावं आहेत. एवढे वाईट रस्ते आहेत. कुठेतरी गाडी थांबवून तू काहीतरी बोलशील."

"बोलत तर होतो रोज."

"हो. रोज हसवलंस."

मी काहीतरी म्हणणार तेवढ्यात पुंडलिक धावत आला. "सर, मॅडम, लवकर या बाप्पा. सायेब जेवाले निंगून राह्यले."

आम्ही आत गेलो. साहेब खरंच डबा सोडत होते. त्यांनी एका हाताने डब्याचं झाकण धरलं आणि दुसऱ्या हाताने कागद बघितले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"नवरा-बायको?"

"सध्या," मी म्हणालो.

साहेबांना विनोद आवडला. "दोघंही आपल्या राजीखुशीने करताय ना? नंतर हरकत नको."

"हो," वैजयंती म्हणाली.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. आमटीचा वास सुटला होता. पंख्याचा आवाज येत होता. पुंडलिकने मागून माझ्या कोपराला हात लावला. "सर, विचारून राह्यले तुमाले."

"हरकत नाही," मी म्हणालो.

बाहेर ती उंच गाडीत चढून बसली. सराईतपणे, एका झटक्यात. इंजिन सुरू केलं, काच खाली केली आणि निघाली नाही. पुंडलिक हात जोडून केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. आवारात आम्ही दोघंच होतो. तिने हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

"अजून काही?" तिने विचारलं.

मी खिडकीशी उभा होतो. पत्रा इतका तापला होता की त्यावर हात ठेवता येत नव्हता.

"मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटते," मी म्हणालो.

तिने इंजिन बंद केलं. खाली उतरली. गाडीला वळसा घालून मागे गेली, चाकाशी वाकली, चपलेच्या टोकाने ते दाबून पाहिलं. मग तिथेच, चाकाजवळ, पदर डोक्यावर ओढून उन्हात थोडा वेळ उभी राहिली. मीही उभा राहिलो.

"ठीक आहे हवा," ती म्हणाली, आणि गाडीत बसून निघून गेली.

हवा खरंच ठीक होती.